ज्यांच्यासाठी रांगच नाही

अमेरिकेत कायद्याने आलेल्या भारतीय माणसाचं बहुतेक वेळा एक ठरलेलं मत असतं. माझंही होतं. आम्ही शिकलो, व्हिसाच्या सोडतीत नाव निघेपर्यंत जीव टांगणीला लावून बसलो, वकिलांच्या फिया भरल्या, ग्रीन कार्डासाठी अजून ताटकळतोय. मग लपून सीमा ओलांडणाऱ्यांना माफी कशासाठी? त्यांनीही रांगेत यावं. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या मराठी गोतावळ्यात मी हे इतक्यांदा आणि इतक्या ठामपणे बोललोय की आता वेगळं बोलू लागल्यावर 'तुला झालंय काय?' असं लोक विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमची तक्रार खोटी नव्हती, आजही नाही. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात, तीही बायकामुलं धरून. त्यातली सुमारे ७ टक्क्यांहून जास्त एका देशाला सहसा मिळत नाहीत. आइसलँडला जी मर्यादा तीच भारताला. त्यामुळे भारतीयांची रांग लांबतच जाते, वाट पाहता पाहता मुलं एकविशी ओलांडून आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात आणि ज्या गावात वाढली तिथेच परकी ठरतात. अशा घरात राग साचतो. माझ्यातही साचलाय. तो कुणावर काढायचा, एवढंच बदललं.

मी कोल्हापूरकडचा. घरी म्हशी होत्या, दोन्ही वेळचं दूध डेअरीला जायचं. जून हा विस्कॉन्सिनमध्ये दुधाचा महिना. शेतकरी आपले गोठे लोकांना खुले करतात, सकाळी न्याहारी देतात. आई आली होती तेव्हा तिला एका सहकाऱ्याच्या काकांच्या गोठ्यावर नेलं. धारा काढायच्या जागेत दोन्ही बाजूंना गाई तिरप्या उभ्या होत्या, मधल्या खोल चरात माणूस. कास बरोबर त्याच्या छातीपाशी. तो सड आयोडीनमध्ये बुडवायचा, पहिल्या दोन-चार धारा हाताने काढून टाकायचा, फडक्याने पुसायचा, मग यंत्र लावून पुढच्या गाईकडे. गाय लाथ झाडायला लागली की तिच्या मांडीवर कोपर टेकवून तिला थोपवायचा. हे काम दिवसातून तीनदा चालतं, त्यातली एक पाळी मध्यरात्रीची. आई बराच वेळ बघत उभी होती. म्हणाली, "हात जाणत्याचा हाय."

मग तिने विचारलं, "हा गावाकडं कवा जातो रं?"

तो मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझचा. मुलगी पाळण्यात असताना निघाला, आता ती दहावीच्या वयाची आहे. मधे एकदाही गेलेला नाही. गेला तर परत येता येणार नाही. किराणा आणायलाही मालकाची बायको गाडीतून नेते, कारण कागदपत्रं नसलेल्या माणसाला या राज्यात २००७ पासून वाहन परवाना मिळत नाही.

"मालक एवढा भला हाय, तर कागदं का करून देत न्हाई?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला उत्तर माहीत नाही. ज्या रांगेचा मी इतकी वर्षं हवाला देत होतो ती कुठून सुरू होते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. घरी येऊन वाचायला बसलो. शेतमजुरांसाठीचा एच-टू-ए व्हिसा हंगामी कामापुरता असतो. सफरचंदं तोडायला चालतो, धारा काढायला नाही, कारण गाय वर्षभर दूध देते. कायमचं यायचं म्हटलं तर कमी प्रशिक्षणाच्या कामांसाठी अख्ख्या जगातून, अख्ख्या अमेरिकेसाठी, वर्षाला जास्तीत जास्त १०,००० ग्रीन कार्डं. 'परत जा आणि रीतसर ये' म्हणावं, तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त काळ बेकायदा राहिलेला माणूस देश सोडून गेला की त्याला साधारण १० वर्षं प्रवेश बंद. म्हणजे त्या माणसाने रांग मोडली, असं म्हणायलाही त्याच्यासाठी रांग हवी ना!

आमची रांग तरी कुठून आली? १९१७ च्या कायद्याने हिंदी माणसाला अमेरिकेचं दार बंद केलं. १९४६ मध्ये ते किलकिलं झालं, वर्षाला फक्त १०० जणांसाठी. खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ मध्ये. तेव्हा कुणीतरी कायदा बदलला म्हणून माझ्यासारख्याला रांगेत उभं राहता आलं.

विस्कॉन्सिनचा इतिहास तर मला आणखी पुढे घेऊन गेला. या राज्याला दुधाचं राज्य बनवण्यात विल्यम होर्ड यांचा मोठा वाटा. १८८५ मध्ये त्यांनी दूधधंद्यावरचं 'होर्ड्स डेअरीमन' सुरू केलं, ते आजही निघतं. हेच होर्ड १८८९ मध्ये गव्हर्नर झाले आणि त्याच वर्षी शाळांत इंग्रजीची सक्ती करणारा बेनेट कायदा आला. त्याची झळ मुख्यतः जर्मन आणि नॉर्वेजियन स्थलांतरितांच्या चर्चच्या शाळांना. ते एकवटले, १८९० च्या निवडणुकीत होर्ड पडले, पुढच्या वर्षी कायदाही गेला. ही माणसं आपल्यात मिसळणार नाहीत, अशी भीती तेव्हा त्यांच्याबद्दल होती. आज इथल्या कितीतरी गोठ्यांच्या पाट्यांवर जर्मन आडनावं आहेत. ते लोक आले तेव्हा युरोपियनांच्या संख्येवर मर्यादाच नव्हती, ती १९२१ मध्ये आली.

मजुरीचा मुद्दा मी सहजासहजी सोडला नाही. परका मजूर आला की इथल्याची मजुरी पडते, हे मला गणितासारखं सरळ वाटायचं. पण मेक्सिकन शेतमजुरांना करारावर आणणारी ब्रासेरो योजना १९६४ अखेर बंद केली ती याच हिशोबाने. पुढे अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले तर शेतमजुरी त्यामुळे वाढल्याचं दिसलं नाही. टोमॅटोवाल्यांनी तोडणीची यंत्रं आणली. तरीही कुणाचंच नुकसान होत नाही, असं मी म्हणणार नाही. नॅशनल अकॅडमीजचा २०१६ चा अहवाल सांगतो की एकूण मजुरीवर दीर्घकाळात परिणाम फार थोडा, पण जिथे होतो तिथे तो आधी आलेल्या स्थलांतरितांवर आणि शाळा अर्धवट सोडलेल्यांवर. स्थलांतरितांच्या मुलांच्या शिक्षणाचा भारही राज्यांवर आणि स्थानिक संस्थांवर पडतो. हा भार खरा आहे. पण ज्याला मालकाशी भांडताच येत नाही असा मजूर शेजारी उभा असेपर्यंत इथल्या मजुराची मजुरी कशी वाढणार? त्याला कागद मिळाले, तर तोही जास्त मागेल.

आणि सीमा. ती कडक केली की लोक कमी होतील, हेही मला पटलेलं होतं. आमच्याकडे बीडच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या सुमाराला येतात, हंगाम संपला की जातात, कारण पुढच्या वर्षी परत येता येतं. मेक्सिकन मजूरही एकेकाळी असेच येऊन-जाऊन असायचे. १९९३-९४ पासून एल पासो आणि सॅन दिएगोला पहारा वाढला, ओलांडणं महाग आणि जिवावरचं झालं, तेव्हा आत असलेले आतच राहिले आणि पुढे बायकामुलांनाही बोलावून घेतलं. डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभर हेच मोजलं. माणसं परत जावीत यासाठी उभी केलेली भिंतच त्यांना आत अडकवते, हे वाचल्यावर मी थांबलो.

देशाने कुणाला घ्यायचं हे देशानेच ठरवावं, यावर मी अजून ठाम आहे. सीमा असावी, पहारा असावा, गुन्हेगाराला बाहेर काढावं. पण ज्याच्या हातचं दूध सगळं राज्य पितं, त्याच्या यायच्या वाटेचा कायदाच न करता त्याला बेकायदा म्हणणं मला आता जमत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या त्या सोडतीच्या, एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा आमच्यातलेही कित्येक रात्रभर झोपले नाहीत. 'आम्ही कायद्याने आलोय' हे वाक्य त्या रात्री कुणाच्या कामी आलं नाही.

वर्षभराच्या शेतकामालाही व्हिसा आणि जुन्या मजुरांना कागद देणारं विधेयक प्रतिनिधीगृहाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडलं. आमच्या प्रतिनिधीला मी देशवार मर्यादेबद्दल पत्रं लिहीत आलोय. आता त्याच पत्रात गोठ्यातल्या मजुरांचीही मागणी घालतो. दोन्ही एकत्र केलंस तर आपलंच काम मागे पडेल, असं मित्र सांगतात. पडेलही. तरी मी ती मागणी पत्रातून काढणार नाही.