सोलापूर किती अक्षरी?

आमच्या साप्ताहिकाच्या जुन्या बातम्या शोधायला एका पोरानं पायथन २ मध्ये प्रोग्रॅम लिहून दिला होता. परवा नव्या कॉम्प्युटरवर तो चालेचना. चिडलो. चालत्या भाषेला रिटायर कशाला करायचं?

पण हे गुपचूप झालेलं नाही. पायथन ३ आलं २००८ मध्ये. जुन्याची मुदत होती २०१५, ती वाढवून २०२० केली. १ जानेवारी २०२० पासून दुरुस्त्या बंद. आपल्याकडे नळाचं पाणी लांबलं तर आदल्या दिवशीही कळत नाही!

मग पोरानं गंमत दाखवली. जुन्या पायथनला 'सोलापूर' मोजायला सांगितलं. उत्तर आलं २१. ते अक्षरं नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. नवं म्हणतं ७, कारण काना-मात्रा वेगळे धरतं. आपण मोजतो चार. तरी नवंच बरं. जुन्यात लांब मथळा कापला की शेवटचं अक्षर फुटून तिथं प्रश्नचिन्ह यायचं, आणि मी इतकी वर्षं ऑपरेटरला बोल लावत होतो.

प्रोग्रॅम नव्यात आणायला पोरानं दोन रविवार मागितलेत. तोवर जुना कॉम्प्युटर भंगारात देणार नाही.