चेपण्याची शिस्त

स्टुडंट फॉर्म्युला या कॉलेजच्या पोरांच्या स्पर्धेसाठी बांधलेल्या रेसगाडीत इंजिन आहे, सस्पेन्शन आहे, डोक्यामागची पोलादी कमान आहे. भाच्याच्या टीमनं हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये हे सगळं कौतुकानं दाखवलं. मी मात्र गाडीच्या नाकाशी रेंगाळलो. तिथे एक डबा बसतो, इम्पॅक्ट अटेन्युएटर. बाकीचे भाग टिकावेत म्हणून घडवलेले. हा एकटाच चेपावा म्हणून. आत ॲल्युमिनियमचं पोळं, आपल्या कूलरच्या पॅडसारखी नुसती घरंच घरं.

नियम असा: ३०० किलोची गाडी सेकंदाला ७ मीटर वेगानं भिंतीवर गेली, तर हा धक्का गुरुत्वाच्या सरासरी २० पटींच्या आत राहायला हवा, एखाद्या क्षणी चढला तरी ४० पटींच्या आत. गणित मांडलं की कळतं, थांबायला किमान साडेबारा सेंटिमीटर हवेत. अर्ध्या वितीचा अवकाश! डबा मऊ निघाला तर लगेच तळ गाठतो. कडक निघाला तर स्वतः शाबूत राहून सगळा हिसका चालवणाऱ्याच्या अंगावर ढकलतो. (असे कडक लोक आपल्या ओळखीचे असतात.) पोळं पहिल्यांदा मोडताना फार हट्ट धरतं, आलेखात सुळका उठतो, म्हणून ते आधीच किंचित चेपून ठेवतात. मला हे फार आवडलं. एकदा हट्ट मोडला की पुढे घडीवर घडी पडत जाते, जवळजवळ एकाच जोरानं.

चेपताना पोळं निळ्याचं लाल होताना पोरांनी संगणकावर पाहिलं होतं. पण स्क्रीनवर डिंक सुटत नाही, वेल्डिंग चुकत नाही. म्हणून चेन पुलीनं ३०० किलोचा ठोकळा डब्याच्या अडीच मीटर वर चढवला. तेवढ्या उंचीवरून पडला की बरोबर सेकंदाला ७ मीटरचा वेग येतो. वेल्डरकाका कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "काहून बे, इतकी मेहनत करून तोडूनच टाकता?"

धाड! शेडचे पत्रे थरथरले. पोरं चित्रण करणाऱ्या मोबाइलकडे नाही, डब्यामागच्या पोलादी पाट्याकडे धावली. त्याला २५ मिलिमीटरपेक्षा जास्त पोक आलं तर सगळं बाद, कारण गाडीत त्यापलीकडे चालवणाऱ्याचे पाय असतात. पट्टी लावली, वाकून पाहिलं, पुन्हा लावली. पोक आत होतं.

चेपलेला डबा भंगारात जात नाही. तांत्रिक तपासणीत तो दाखवावा लागतो, गाडीवरच्या कोऱ्या जुळ्याशी ताडून पाहायला. एकानं तो गोणपाटात गुंडाळला आणि वर मार्करनं लिहिलं, 'सांभाळून ठेवा'.