वेळापत्रक

वक्तशीरपणा हा सद्गुण आहे, हे आमच्या मनावर लहानपणापासून इतके ठसविले गेले, की त्याला दुसरी बाजू असेल अशी शंकाही कधी आली नाही. अॅडमिरल इसोरोकु यामामोतो यांच्या अखेरच्या प्रवासाची हकीकत वाचल्यापासून मात्र ती शंका माझी पाठ सोडीत नाही.

पर्ल हार्बरवरील हल्ल्याची योजना आखणारे जपानी आरमाराचे हे सरसेनापती एप्रिल १९४३ मध्ये सॉलोमन बेटांकडील आघाडीच्या तळांना भेट देणार होते. दौऱ्याचा तपशील बिनतारी संदेशाने तेथे कळविण्यात आला : १८ तारखेस टोकिओच्या घड्याळाप्रमाणे सकाळी सहाला रबाउलहून प्रस्थान, आठला बलालाइ येथे आगमन, सोबत सहा लढाऊ विमाने. संदेश सांकेतिक होता. पण अमेरिकी नौदलाच्या संकेतज्ञांनी तो उलगडला. हेर म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे वेषांतर केलेला बहिर्जी नाईक उभा राहतो. येथे शत्रूच्या गोटात कोणीच शिरले नव्हते. आकड्यांच्या रांगांशी झुंजणारी माणसे, एवढेच हेरखाते.

यामामोतोंची जागा घेऊ शकेल असा दुसरा कोणी जपानकडे आहे काय, असे अॅडमिरल निमित्झ यांनी आपल्या गुप्तवार्ता अधिकाऱ्यास विचारले. त्या तोडीचा कोणी नाही, असे उत्तर मिळाले. या प्रश्नोत्तरापाशी मी नेहमी थबकतो. एरवी युद्धातील मरण बिननावाचे असते. येथे ते नावानिशी ठरविले जात होते. अडचण एकच होती. हल्ला झाला, की आपली लिपी फुटल्याचा संशय जपानला येणार. म्हणून किनाऱ्यावरील टेहळ्यांनी विमाने हेरली, अशी हूल उठविण्याचे ठरले.

मेजर जॉन मिचेल यांची सोळा पी-३८ विमाने ग्वादलकनालहून निघून, दूरचा वळसा घेत, लाटांना जवळजवळ खेटून, मौन पाळीत उडत राहिली. सोबतीला होकायंत्र, घड्याळ आणि वेगमापक. गाठ पडण्याची वेळ मिचेल यांनी ९.३५ अशी काढली होती. ती एक मिनिट आधीच पडली. हे गणित यामामोतो वेळ चुकविणार नाहीत, या एकाच भरवशावर उभे होते.

त्यांचे विमान बूगनव्हिलच्या जंगलात कोसळले. त्यात एकूण अकरा माणसे होती. उरलेल्या दहांविषयी निमित्झ यांना कोणी काही विचारले नव्हते. दुसरे विमान समुद्रात पडले. त्यातील सेनाधिकारी उगाकी बचावले. अमेरिकी वैमानिकांपैकी रेमंड हाईन परतला नाही. यामामोतोंचे विमान नेमके कोणी पाडले, यावर लॅनफिअर आणि बार्बर यांच्यात पुढे अनेक वर्षे वाद चालला. मला तो वाचवत नाही.

जपानने आपल्या प्रजेला ही वार्ता २१ मे रोजी सांगितली. अमेरिकेने तिच्यामागील रहस्याबाबत युद्ध संपेपर्यंत तोंड उघडले नाही.