ढवळ्या आणि गिधाडं



परवा पाचवीच्या वर्गात अन्नसाखळीचा धडा चालला होता. "गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, बेडकाला साप, सापाला मोर," अशी साखळी मुलांनी धडाधड म्हणून दाखवली. तेवढ्यात मागून एकानं विचारलं, "गुरुजी, आणि मोर मेला म्हंजे?" प्रश्न नेमका होता. उत्तर देताना मला आमचा ढवळ्या आठवला. त्याचीच गोष्ट इथं लिहितो.

ढवळ्या आमचा औताचा बैल. १९९८ साली मी तुमच्यासारखा पाचवीत होतो. दिवाळीनंतर ढवळ्या ओढ्यात घसरून पडला आणि मागच्या पायानं अधू झाला. आबांनी डॉक्टर आणले. त्यांनी दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. ढवळ्यानं थोडी वैरण खाल्ली, पण तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. पोळ्याला लावलेला हिंगूळ अजून त्याच्या शिंगांवर होता. आई त्या शिंगांवरून हात फिरवत बसली.

रिवाजाप्रमाणे ढवळ्याला गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकलं. दुपारी आभाळात घिरट्या सुरू झाल्या आणि एकेक करून गिधाडं उतरली. मला त्यांचा फार राग आला. आबा म्हणाले, "रागावू नको. ती नसती तर गावात नाक धरून राहावं लागलं असतं." संध्याकाळी माळावर नुसता सांगाडा उरला होता.

चार-पाच दिवसांनी आम्ही पोरं गुरं घेऊन माळावर गेलो. बाभळीवर एक गिधाड मान खाली टाकून बसलं होतं. आम्ही खडे मारले. ते उडेना. आम्ही हसलो, म्हणालो, "लई खाल्लं, म्हणून पेंगतंय!" दुसऱ्या दिवशी ते बाभळीखाली मरून पडलं होतं. पुढच्या वर्षी माळावर जनावर पडलं, तर कुत्रीच आली. ढोर कितीतरी दिवस कुजत राहिलं. गिधाडं का येत नाहीत, हे कुणालाच कळेना.

हे आमच्याच गावात घडत नव्हतं. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभु प्रकाश यांनी त्याच दशकात गिधाडं झपाट्यानं घटत असल्याची नोंद केली. देशातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत १९९२ ते २००७ या काळात शंभरातली नव्व्याण्णवहून अधिक नाहीशी झाली. कारण २००४ साली जगासमोर आलं. जनावरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक नावाचं औषध! औषध दिल्यावर जनावर लगेच मेलं, तर ते त्याच्या मांसात राहतं. गिधाडाच्या पोटात ते गेलं की त्याचं मूत्रपिंड बंद पडतं. एका ढोरावर सारा थवा जेवतो. म्हणून शंभर मेलेल्या ढोरांत असं एखादं असलं, तरी गिधाडं संपायला तेवढं पुरे होतं. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. गेलेली संख्या भरून कशी यावी?

ढवळ्याला कोणतं औषध दिलं होतं, ते आम्ही कुणी विचारलं नव्हतं. आबांनी बैल वाचावा म्हणून पैसे उसने घेतले होते. वाईट कुणीच चिंतलं नव्हतं. पण मान टाकून बसलेल्या त्या पाखराला मी खडा मारला, हे माझ्या मनातून जात नाही.

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर. मोर मेला, बैल मेला, तरी साखळी तुटत नाही. गिधाडं, कावळे, किडे, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू मेलेल्या शरीराची पुन्हा माती करतात. मातीतून गवत येतं, गवत बैल खातो. म्हणजे ती साखळी नव्हे, रहाटगाडगं आहे. एक गाडगं निखळलं तर पाणी कमी येतं. गिधाडं गेली, तशी बऱ्याच ठिकाणी मेलेली जनावरं खाऊन मोकाट कुत्री वाढली आणि त्यांच्याबरोबर पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची भीतीही.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली. गिधाडांना घातक ठरलेल्या केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांवरही २०२३ साली जनावरांपुरती बंदी आली. गिधाडांना धोका नसलेलं मेलॉक्झिकॅम हे औषध दुकानात मिळतं.

गेल्या हिवाळ्यात आपली सहल अंजनेरीला गेली होती. कड्यावर लांब चोचीची तीन गिधाडं बसली होती, आठवतं? तुम्ही "घार, घार" म्हणून ओरडलात. मी मात्र गप्प उभा होतो.

घरी बैल-गाय आजारी पडली, तर औषधाचं नाव वाचा आणि डॉक्टरांना विचारा, "हे गिधाडांना चालतं का?" इंजेक्शन दिलेलं जनावर दगावलं, तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. आणि एखादं पाखरू मान टाकून बसलेलं दिसलं, तर खडा मारू नका. मला येऊन सांगा.

— तुमचे गुरुजी