नसलेल्या वस्तूचा उपयोग

जी वस्तु कोणीं पाहिलेली नाहीं व जी आपल्या विश्वांत असल्याचा कांहींच पुरावा नाहीं, तिच्या चिंतनांत विद्वानांनीं वर्षेंच्या वर्षें घालवावीं, हें व्यवहारी मनुष्यास विलक्षण वाटेल. ‘कृष्णतंतु’ ही अशीच एक वस्तु होय. आम्ही गणिती नव्हे. तरी या उद्योगाविषयीं आम्हांस जो आदर वाटतो, त्याचें कारण वाचकांपुढें ठेवावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रकाशही ज्यांतून बाहेर पडत नाहीं, तें कृष्णविवर आतां सर्वांस ऐकून ठाऊक आहे. त्यास लहानसा धक्का दिला, तर तें थोडें थरथरून पुन्हां पूर्ववत् होतें, हें मूळचे बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वर यांनीं १९७० सालीं गणितानें दाखविलें. आतां लांबी, रुंदी, उंची व काल यांच्या जोडीस आणखी एक दिशा आहे असें समजूं. गुरुत्वाकर्षण व विद्युच्चुंबकत्व यांची सांगड घालण्यासाठीं थिओडोर कालुझा यांनीं १९२१ सालीं अशीच कल्पना मांडली होती. या नव्या दिशेनें कृष्णविवर लांबवीत नेलें, कीं कणकेच्या गोळीची शेवई व्हावी तसा कृष्णतंतु होतो.

हा तंतुही विवरासारखाच टिकाऊ असेल, असें कोणासही वाटावें. परंतु जाडीच्या मानानें पुरेसा लांब असलेला तंतु अस्थिर असतो, असें १९९३ सालीं रूथ ग्रेगरी व रेमंड लाफ्लाम यांनीं दाखविलें. मोरींतील नळ किंचित् सोडून पाहावा. बारीक धार खालीं येतां येतां थेंबाथेंबांनीं तुटते. तंतूचीही तीच गत. २०१० सालीं लुइस लेनर व फ्रान्स प्रिटोरियस यांनीं ती संगणकावर घडवून पाहिली, तेव्हां मोठे मणी, मधल्या दोऱ्यावर लहान मणी, त्यांमधील दोऱ्यावर त्याहून लहान, अशी मालिका उत्तरोत्तर त्वरेनें होत गेली.

प्रश्न केवळ मण्यांचा नाहीं. जेथें भौतिक नियमच थांबतात, असें स्थान नेहमीं विवराच्या पडद्याआड राहतें, अशी अटकळ रॉजर पेनरोझ यांनीं १९६९ सालीं मांडली. तंतु तुटला, कीं त्या पांच मितींच्या जगांत हा पडदा फाटतो. आपल्या चार मितींत ती अटकळ अद्याप सिद्ध झालेली नाहीं.

दुसरा समज असा, कीं वस्तुमान, परिवलन व विद्युद्भार सांगितले म्हणजे विवराची सारी ओळख संपली. यांग व मिल्स यांनीं १९५४ सालीं मांडलेल्या क्षेत्रांत क्रियांचा क्रम बदलला कीं फळ बदलतें. भाजीवर फोडणी व फोडणींत भाजी यांची चव एक नव्हे, तसेंच कांहींसें. अशीं क्षेत्रें विवराभोंवतीं असलीं, तर त्या तीन गोष्टींनीं ओळख पुरी होत नाहीं, असें १९९० च्या सुमारास दिसून आलें. पुढें अशीं क्षेत्रें ल्यालेले कृष्णतंतुही कागदावर उभे राहिले.

तात्पर्य, विवराचा टिकाऊपणा व साधेपणा हा गुरुत्वाकर्षणाचा अंगभूत स्वभाव नव्हे. पुष्कळ अंशीं तें मितींच्या संख्येचें व भोंवतालच्या क्षेत्रांचें देणें होय. सासरीं गेल्यावांचून माहेरची रीत ही केवळ एक रीत आहे, हें मुलीस कळत नाहीं. शास्त्रज्ञही असेच दुसऱ्या घरीं राहून येतात. तें घर कल्पनेचें असलें, तरी तेथून आणलेली समज खरी असते.