हिरव्या रकान्याची शहानिशा

कार्यालयीन संगणकांवरील विंडोज अद्ययावत ठेवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००५ साली डब्ल्यूएसयूएस ही व्यवस्था आणली. तीत अपडेट एकदाच मध्यवर्ती सर्व्हरवर उतरवले जाते आणि तेथून सर्व संगणकांना वाटले जाते. मात्र ही सोय मूलतः मायक्रोसॉफ्टच्याच उत्पादनांपुरती असल्याने क्रोम, जावा, सेव्हन-झिप अशा परक्या सॉफ्टवेअरची जबाबदारी व्यवस्थापकाच्या कसबावर येऊन पडते. सेव्हन-झिपला तर स्वतःहून अद्ययावत होण्याची सोयच नाही, त्यामुळे एकदा बसवलेली आवृत्ती कोणी हात लावेपर्यंत वर्षानुवर्षे तशीच राहते.

नवी आवृत्ती मूकपणे, म्हणजे वापरकर्त्याला काहीही न विचारता, बसवण्याची आज्ञा लिहिणे हा या कामातला सोपा भाग होय. खरी कसोटी लागते ती आलेले उत्तर वाचताना. विंडोजचा इन्स्टॉलर काम संपताच एक आकडा परत करतो : ० म्हणजे यश, आणि ३०१० म्हणजेही यशच, पण संगणक रीस्टार्ट झाल्यावर पूर्ण होणारे. अहवालाने दोन्ही आकडे एकाच हिरव्या रकान्यात टाकले, तर जुनी फाइल अजून वापरात असलेला संगणकही सुरक्षित दिसू लागतो. त्यात विंडोज ८पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ची भर पडते. ही सोय चालू असताना संगणक बंद केला, तर प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो व सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. म्हणून रोज संध्याकाळी इमानाने संगणक बंद करणाऱ्या कर्मचाऱ्याचेही अपडेट अर्धवट राहू शकते, आणि त्याबद्दल त्याला बोल लावणे अन्यायाचे ठरते.

क्रोमची अडचण निराळी. तो प्रशासकीय परवानगीशिवाय वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्येही बसवता येतो, आणि केवळ सामाईक प्रोग्रॅमची नोंद तपासणाऱ्या यादीला अशी प्रत दिसतच नाही.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले, तेव्हापासून टप्प्याटप्प्याने वाटप करण्याचा आग्रह वाढला. तो योग्यच आहे; परंतु पहिल्या टप्प्यात आयटी विभागाचेच नवे कोरे संगणक घेण्याची प्रथा फारशी उपयोगाची नाही. लेखा विभागातला, टॅली आणि जुना प्रिंटर सांभाळणारा संगणक त्या गटात असलाच पाहिजे, कारण बिघाड प्रथम तेथेच उघड होतो.

अहवाल हाती आल्यावर यशाच्या टक्केवारीआधी प्रत्येक संगणकाच्या शेवटच्या संपर्काची तारीख पाहावी. महिनाभर सर्व्हरशी न बोललेला लॅपटॉप अयशस्वी ठरलेल्यांच्या यादीत बहुधा आढळत नाही.