अडलेला श्वास

१८ जून २०२४, देवबाग
शाळा नुकतीच सुरू झाली आहे. दुसरीतला एक मुलगा पहिल्याच तासाला पेंगतो, आणि जागा असला की एका जागी ठरत नाही. तोंड कायम उघडं. आई न्यायला आली तेव्हा विचारलं. "बाई, रातभर घोरता तो. आणि अजून हातरूण भिजवता." वर्गात अशा पोराला वांड किंवा मठ्ठ ठरवून मोकळे होतात, याचा मला फार राग येतो. रात्रीची झोप नीट झाली नाही की मोठी माणसं दिवसा पेंगतात; लहान मुलं बरेचदा उलट चिडचिडी आणि अस्थिर होतात. आईला म्हटलं, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना आधी दाखवा.

२३ जून
हे मोपा विमानतळावरचं भाडं सोडून रात्री उशिरा आले. पडल्या पडल्या घोरायला लागले. आज मी दिवा लावून बसले आणि मोबाईलवर सगळं टिपलं. घोरणं चढत जातं, मग एकदम थांबतं. छाती-पोट वरखाली होतं, पण नाकाशी हात धरला तर हवा नाही. मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज होऊन श्वास सुटतो आणि पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "दमान इलेलो माणूस, गाढच निजतलो." ही गाढ झोप नाही. सकाळी डोकं जड, गोळी घेऊनही रक्तदाब चढलेला, आणि हाच माणूस महामार्गावर परक्यांची लेकरं घेऊन गाडी चालवतो.

११ जुलै, कोल्हापूर
यांची झोपेची तपासणी घरीच झाली होती: छातीला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. आज डॉक्टरांनी अहवाल समजावला. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे जाते, वाट मिटते. दहा सेकंद किंवा जास्त श्वास अडला की ती एक नोंद. मोठ्यांमध्ये तासाला पाचपर्यंत चालतं, तीसच्या वर तीव्र आजार. यांचा आकडा ३८. प्रत्येक वेळी रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सोडवतो. झोपणाऱ्याला त्यातलं काही आठवत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्याची साक्ष मोलाची.

हे म्हणाले, "मी कुठं एवढा जाडा आहे?" वजन हे मोठं कारण, पण जबड्याची ठेवण, मानेचा घेर, दारू, उताणं झोपणं हीही आहेत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया यांनी नेहमीच्या तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली ती प्रसिद्ध केली. दर शंभरांत साडेसात जणांना झोपेत श्वास अडण्याचा हा विकार लक्षणांसह होता, आणि ते स्वतःला निरोगी समजत होते. बप्पी लाहिरी २०२२ मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. तेवढ्यापुरती चर्चा झाली आणि विरली.

उपचाराचा जम बसेपर्यंत रात्रीची गाडी बंद. पावसाळ्यात पर्यटक तसेही कमी.

२० जुलै
सीपॅप यंत्र आलं. नाकावर मास्क, नळीतून दाबाची हवा. ती घशाला आतून टेकू देते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये हा उपाय शोधला. यंत्र आजार मुळातून काढत नाही, लावलं त्या रात्रीपुरतं काम करतं. पहिल्या रात्री यांनी दोनदा ओढून काढलं. मग मास्कचा आकार बदलून आणला. आमच्याकडे वारा सुटला की वीज जाते. तौक्ते वादळानंतर कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. इन्व्हर्टर घेणं आलंच. खर्च जड आहे, पण घरातल्या इतर कुठल्याही वस्तूआधी हा.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
दुसरीतल्या पोराचे टॉन्सिल आणि नाकामागचे अडेनॉइड गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात काढले. मुलांत तासाला एकाहून जास्त अडथळे आले तरी ते गैर समजतात, आणि बहुतेकांचा पहिला उपाय ही शस्त्रक्रिया. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांपैकी ७९ मुलांची झोपतपासणी सात महिन्यांनी पूर्ववत आली. नुसती वाट पाहिलेल्यांत ४६. म्हणजे काहींचं आपोआपही सुधारतं, आणि काहींना शस्त्रक्रियेनंतरही तपासावं लागतं, विशेषतः वजनदार मुलांना. आई सांगते, हातरूण आता कोरडं असतं.

९ सप्टेंबर
गणपतीला मुंबईहून सगळे आलेत. माजघरात ओळीनं अंथरुणं. चुलत दीर जोरात घोरत होते. हे मास्क लावून शांत झोपले होते. सकाळी यांनीच भावाला कोल्हापूरच्या डॉक्टरांचा नंबर दिला.

२१ सप्टेंबर
आज पालकसभेत अभ्यासाआधी हेच बोलले. मूल आठवड्यातून तीन-चार रात्री घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, झोपेत श्वास अडत असेल, तर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. घरात कुणी गाडी किंवा होडी चालवत असेल, तर त्याचाही काढा.